शेवटच्या अंतऱ्याची फर्माईश

आंबेडकर जयंती चौदा एप्रिलला सुरू होते आणि गावोगावी जूनच्या पहिल्या पावसापर्यंत चालते. शहरातल्या माणसाला याचं हसू येतं, पण कारण साधं आहे. गायन पार्ट्या मोजक्या आणि गावं हजारो. एप्रिलची तारीख मिळाली नाही की मेची घ्यायची, मेची हुकली की जूनची. ज्या दिवशी गायक मोकळा, त्या दिवशी आपली जयंती.

अशा कार्यक्रमात वंदना होते, दोन-चार ठेवणीतली गाणी होतात, सरपंचांचा सत्कार होतो आणि मग चिठ्ठ्या यायला लागतात. चिठ्ठीत दहाची, वीसची नोट गुंडाळलेली असते. निवेदक आधी बक्षीस देणाऱ्याचं नाव वाचतो, मग रक्कम, मग फर्माईश. नाव चुकलं तर मागून दुरुस्ती येते. रक्कम चुकली तर फारच मोठ्याने येते. फर्माईश मात्र कधी चुकत नाही, कारण ती ठरलेली असते. तीच पाच-सहा गाणी. नागपूरला तीच, नांदेडला तीच, कल्याणलाही तीच. ढोलकीवाल्याला चिठ्ठी वाचून होईपर्यंत थांबावंसुद्धा लागत नाही.

हे लिहायला बसलो ते या पाच-सहा गाण्यांमुळे. लोककवीच्या मागे त्याचं गाणं कोण राखतं? आपण चटकन म्हणतो, गायक राखतो, पुस्तक राखतं, हल्ली यूट्यूब राखतं. माझं म्हणणं वेगळं आहे. गाणं राखतो तो मागणारा. जे गाणं कुणी मागत नाही ते गायक दोन हंगामांत विसरतो, पोरं शिकत नाहीत, वही माळ्यावर जाते. म्हणून श्रोत्यांनी काय मागावं, कसं मागावं, किती मागावं हा मला सार्वजनिक प्रश्न वाटतो. केवळ आवडीनिवडीचा म्हणून तो सोडून देता येत नाही.

आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांचंच उदाहरण घेऊ, कारण या प्रश्नाची धार त्यांच्याइतकी कुठे लागत नाही. जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. शाळेचं नाव नाही. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत मजुरी करताना. जोडाक्षरं जमली ती दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. १९४३ साली एका हिंदी गाण्याच्या विडंबनातून पहिलं गाणं जुळलं आणि पुढची साठ वर्षं ते थांबलं नाही. १५ मे २००४ रोजी दादा गेले. 'सांगत्ये ऐका' या १९५९च्या गाजलेल्या चित्रपटातही त्यांचं गाणं होतं, पण हा माणूस स्टुडिओत रमला नाही. एसटीने गावाला जायचं, कुणाच्या तरी घरी मुक्काम करायचा, रात्री गायचं, सकाळी चहाबरोबर नवं गाणं जुळवायचं आणि पुढच्या गावाचा रस्ता धरायचा. त्यांची गाणी हजारोंच्या घरात सांगतात. 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह निघाले, पुढे चाहत्यांनी शोधून शोधून आणखी छापले. तरी एकूण गाण्यांचा हिशोब कुणाकडेच पुरता नाही. ज्या गावी जे गाणं सुचलं ते पुष्कळदा त्याच गावी राहिलं.

आता हे राहिलं म्हणजे कुठे राहिलं? कपाटात नव्हे. कुणाच्या तरी आईच्या तोंडात, कुणा गायकाच्या शंभरपानी वहीत. दादांची कितीतरी गाणी त्या काळच्या चालू चालींवर बसवलेली होती, फिल्मी म्हणा, कव्वालीच्या म्हणा. यावर जाणकार नाकं मुरडतात. हे कसलं लोकसंगीत, ही तर उसनी चाल, असं मी चांगल्या शिकल्या-सवरल्या मंडळींकडून ऐकलं आहे. त्यांच्या लक्षात येत नाही की ज्याला लिहिता-वाचता येत नाही अशा श्रोत्यासाठी चाल हीच वही असते. चाल आधीपासून कानात असली की शब्द एका ऐकण्यात बसतात. गिरणीत, बांधावर, रोजगार हमीच्या कामावर ते पुन्हा म्हणता येतात. अनोळखी चालीत बांधलेलं उत्तम गाणं त्या रात्रीपुरतं उत्तम राहिलं असतं आणि उजाडल्यावर विसरलं गेलं असतं. उसनी चाल ही दादांची गरिबी नव्हती. श्रोत्याला गाणं घरी नेता यावं याची ती सोय होती.

मराठी मुलखाला ही व्यवस्था नवी नाही. तुकोबांचे अभंग राखले ते ऐकणाऱ्यांनी. संताजी जगनाडे तेलाचा व्यवसाय करत आणि वह्या लिहून ठेवत. गाथा इंद्रायणीत बुडाली ती लोकांच्या मुखातून पुन्हा वर आली, असं आपण जवळजवळ चारशे वर्षं भक्तिभावाने सांगतो. पण त्यातला व्यवहार आपल्याला दिसत नाही. लोकांना पाठ होती म्हणून ती वर आली आणि म्हणत होते म्हणून पाठ होती. शिवाय पुढचा भागही विसरू नये. मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये दिले, पंडितांनी गावोगावच्या वह्या ताडून पाहिल्या आणि १८६९ व १८७३ साली इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा दोन भागांत निघाली. चोवीस हजार, त्या काळचे. आधी श्रोता, मग वही, मग सरकारी पैसा, असा तो क्रम होता. वामनदादांच्या बाबतीत पहिली पायरी आपण पक्की बांधली होती. ती आता आपणच उखडतो आहोत.

उखडतो म्हणजे काय, तर शेवटचा अंतरा जातो आहे. 'तुका म्हणे' जसं अभंगाच्या शेवटी, तसं दादांचं 'वामन' हे नाव गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यात गुंफलेलं असतं. ही नाममुद्रा म्हणजे छापखान्याच्या आधीचा कॉपीराइट. गाणं कुणाच्याही तोंडी गेलं, कितीही कोस दूर गेलं, तरी कर्त्याचं नाव त्याच्यासोबत जाणारच, कारण ते वृत्तात बसलं आहे, काढलं तर यमक मोडतं. ही युक्ती शतकानुशतकं टिकली आणि फुटली ती आपल्या काळात. कॅसेटच्या एका बाजूवर जास्त गाणी बसावीत म्हणून एखाददुसरा अंतरा गाळला जाई, आणि गाळायचा तर शेवटचाच सोपा. डीजेच्या मिक्समध्ये मुखडा आणि त्यावर ठोका एवढंच उरलं. मोबाइलवर तर तीस सेकंद. मुखडा राहतो आणि कवी गळतो. आज मिरवणुकीत नाचणाऱ्या वीस वर्षांच्या पोराला विचारा, हे गाणं कुणाचं? तो गायकाचं नाव सांगेल, नाहीतर कंपनीचं. त्यात त्याचा दोष नाही. कवीचं नाव जिथे होतं तिथपर्यंत त्याला कुणी पोहोचूच दिलं नाही.

कवीचं नाव सांगणं हा मोठेपणाचा भाग नाही, कायद्याचा आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं ५७वं कलम कर्त्याला स्वतःचं कर्तेपण सांगण्याचा हक्क देतं आणि हक्क विकले तरी हा हक्क जात नाही. शिवाय मृत्यूनंतर साठ वर्षं रचना संरक्षित राहते, म्हणजे दादांची गाणी २०६४ सालाच्या अखेरपर्यंत. २०१२च्या दुरुस्तीने गीतकाराचा रॉयल्टीतला वाटाही पक्का केला. कागदावर सगळं चोख आहे. पण गावच्या मंचावर 'कवी वामनदादा कर्डक' हे तीन शब्द उच्चारायला वकील लागत नाही, आणि तेवढंही होत नसेल तर कलमं नाचवून उपयोग नाही.

आता त्या पाच-सहा गाण्यांकडे येऊ. ती वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांतली दोन तर मराठीतल्या कुठल्याही मोठ्या कवितेच्या शेजारी बसवावीत अशी आहेत. पण ती का निवडली गेली ते पाहा. बहुतेक गौरवाची आहेत. बाबासाहेब आले, आमचं भलं झालं, आम्ही उभे राहिलो. हे गाताना छाती फुगते आणि फुगावीच. मात्र दादांनी नुसता गौरव लिहिला नाही. धनाचा साठा कुणाकडे आहे आणि त्यातला आमचा वाटा कुठे गेला, असा रोखठोक सवाल उद्योगपतींची नावं घेऊन विचारणारं गाणं त्यांनीच लिहिलं. दुष्काळावर लिहिलं, भाकरीवर लिहिलं, बाईच्या कष्टावर लिहिलं. चळवळीतल्या पुढाऱ्यांना तर त्यांनी असं झोडपलं आहे की आजच्या एखाद्या बॅनरवाल्याने ते नीट ऐकलं तर पुढच्या वर्षीची देणगी बंद करील. हे विभाग फर्माईशीत येत नाहीत. का येत नाहीत? चिठ्ठी पाठवणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर तो बॅनरवालाच बसलेला असतो म्हणून.

याहून मजेची गोष्ट अशी की सर्वांत जास्त मागितलं जाणारं एक गाणं मुळात फटका आहे. बाबासाहेबांच्या खऱ्या मताची नुसती पाच माणसं जरी असती तर चित्र कसं वेगळं दिसलं असतं, असा त्याचा रोख. म्हणजे कवी समोरच्या हजार माणसांना सांगतो आहे की तुमच्यात पाचही नाहीत. आणि हजार माणसं टाळ्या देतात, शिट्ट्या मारतात, वन्स मोअर म्हणतात. गाणं इतकं ओळखीचं झालं की त्याचा अर्थ ऐकू येईनासा झाला. अतिफर्माईशीने गाणं मरत नाही, पण बोथट होतं. वामनदादांचं बोथट झालेलं गाणं म्हणजे नुसता ठेका.

इथे कुणी म्हणेल, लोकांना आवडतं ते लोक मागतात, तुम्ही कोण शिकवणार? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. फर्माईश ही श्रोत्याची सत्ता आहे, आणि ज्या श्रोत्याला गावात दुसरी कुठलीच सत्ता नव्हती, पाणवठ्यावर नव्हती, देवळात नव्हती, त्याला मंचावरच्या गायकाकडून आपलं गाणं मागून घेण्याचा हक्क मिळाला ही लहान गोष्ट नव्हे. वीस रुपयांत स्वतःचं नाव लाऊडस्पीकरवरून गावभर. मी त्या वीस रुपयांना हसणार नाही. पण सत्ता म्हटली की ती कशी वापरली याचा जाब आलाच.

आणि फर्माईशीचा जुना इतिहास काही फार सोज्वळ नाही. लावणीच्या संगीत बारीतला दौलतजादा, म्हणजे नोटांची उधळण, आठवा. नोट दाखवायची, बाईला जवळ बोलवायचं, तीच लावणी पुन्हा, तीच अदा पुन्हा. तिथे मागणारा श्रोता नसतो, गिऱ्हाईक असतो आणि गाणारीला नाही म्हणायची सोय नसते. आजही तंबूत, यात्रेत, फडावर चांगली वगनाट्यं अर्ध्यात थांबवून 'गाणी लावा' म्हणून ओरडणारा हाच. जयंतीच्या मंचावर दौलतजादा नसतो, बक्षीस असतं, हा फरक मी मानतो. गायन पार्टीतल्या बायका त्या मंचावर आब राखून गातात, सवालजवाबात पुरुष गायकाला चारीमुंड्या चीत करतात. तरी नोटेचा तो हुकमी स्वर मधूनच इथेही डोकावतो, विशेषतः रक्कम पाचशेच्या वर गेली की. ज्या मागणीला नकार देता येत नाही तिला फर्माईश म्हणू नये.

मग गायकाने श्रोत्यांचं ऐकूच नये का? अशीही एक वाट आहे आणि जगातल्या एका मोठ्या गीतकार-गायकाने ती चोखाळली. बॉब डिलनने लोकगीतांची गिटार बाजूला ठेवून विजेची गिटार हातात घेतली तेव्हा १९६५ला अमेरिकेत न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात लोक खवळले. पुढल्या वर्षी १७ मेला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधून एकाने त्याला 'जुडास' म्हणून हाक मारली. विश्वासघातकी, या अर्थाने. डिलनने बँडला आणखी जोरात वाजवायला सांगितलं. तिथून पुढे जुनी गाणी ओळखू येणार नाहीत इतकी बदलून गाण्याचा त्याने जणू वसाच घेतला. २०१६ला नोबेल मिळालं तरी स्वभाव बदलला नाही. त्याचे चाहते याबद्दल त्याला नावं ठेवतात आणि पुढच्या कार्यक्रमाचं तिकीट काढतात. कलावंताच्या स्वातंत्र्याचा हा नमुना मला पटतो, पण तो आपल्या कामाचा नाही. डिलनचं प्रत्येक गाणं ध्वनिमुद्रित आहे, छापलेलं आहे, त्याच्या मसुद्यांचं ओक्लाहोमात तुल्सा इथे संग्रहालय आहे. त्याने श्रोत्याकडे पाठ फिरवली तरी गाणं कुठे जात नाही. आमच्या लोककवीच्या मागे असं काही नसतं. त्याचं संग्रहालय समोर सतरंजीवर बसलेलं असतं.

त्यापेक्षा अमेरिकन लोकगायक पीट सीगरचं उदाहरण जवळचं. श्रोत्यांना गायला लावल्याशिवाय हा माणूस मंचावरून उतरत नसे. फुलं कुठे गेली असं विचारणारं त्याचं जगप्रसिद्ध युद्धविरोधी गाणं त्याने १९५५ला लिहिलं ते तीन कडव्यांचं. पुढची कडवी १९६०ला जो हिकर्सन या तरुणाने जोडली आणि गाणं वर्तुळ पूर्ण करून सुरुवातीला येऊन मिळालं. आज आपण ऐकतो ते हेच. म्हणजे श्रोता शेवटचा अंतरा नुसता राखतो असं नाही, कधी कधी तोच तो लिहितो. गोव्यात तियात्राच्या, म्हणजे कोकणी नाटकाच्या, कांतारांनाही (गाण्यांनाही) श्रोत्यांचा असाच धाक असतो. शिट्ट्या पडल्या की पुन्हा यायचं, आणि येताना तेच कडवं घेऊन आलं तर लोक फसवणूक समजतात, म्हणून कांतारकार एखादं जास्तीचं कडवं खिशात ठेवूनच असतो. पुन्हा मागण्यात असा नव्याचा हट्ट असेल तर माझी काही तक्रार नाही.

आपल्याकडे हा हट्ट का मेला? मी लोकांच्या अभिरुचीला दोष देत नाही, घड्याळाला देतो. पूर्वी दोन गायन पार्ट्यांचा सामना रात्री दहाला उभा राहायचा आणि कोंबडं आरवल्यावर मोडायचा. पहिल्या प्रहरात सगळ्यांच्या ओळखीची गाणी व्हायची. बारानंतर पोरं झोपायची, पुढारी निघून जायचे आणि मग खरे दर्दी पुढे सरकायचे. त्यांची फर्माईश नावाने नसायची, खुणेने असायची. 'दादा, ते कोरड्या विहिरीचं', 'ती सासुरवाशिणीची', 'आमच्या गावी मागल्या खेपेला शेवटी म्हणालात ते'. गायकाला डोकं खाजवावं लागायचं, मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्यांशी कुजबुज व्हायची, पेटीवाला दोन-तीन सूर चाचपायचा. अशा वेळी विसरलेलं गाणं परत यायचं.

तो उत्तररात्रीचा वेळ गेला. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद केला आणि २००५ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्यांत चौदा एप्रिल सहसा असतो, पण मेच्या तिसऱ्या आठवड्यातली देगलूर तालुक्यातली जयंती कशी असेल? मी या नियमाच्या विरोधात नाही. शेजारी बाळंतीण असते, परीक्षा असतात, हृदयविकाराचा माणूस असतो, त्यांची झोप माझ्या गाण्याहून मोठी. पण परिणाम मोजला पाहिजे. कार्यक्रम सात वाजता जाहीर होतो, पाहुणे साडेआठला येतात, सत्कार पावणेनऊपर्यंत. उरतो सव्वा तास. सव्वा तासात ओळखीचीच गाणी होणार, तीही दोन अंतऱ्यांची. शेवटचा अंतरा पोलिसांच्या शिट्टीत जातो.

यावर तोडगा त्याच नियमात आहे आणि आपण तो वाचत नाही. बंद सभागृहात, आतल्या लोकांपुरत्या ध्वनिक्षेपकाला हा नियम अडवत नाही. समाजमंदिर, विहार, शाळेचा हॉल असं काहीतरी जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहे. मैदानावरचा कार्यक्रम दहाला संपवायचा आणि ज्यांना खरंच ऐकायचं आहे अशा पन्नास-साठ जणांनी विहारात बसायचं. माइक नको, स्पीकरच्या भिंती नकोत, एक पेटी, एक ढोलकी, गायकाचा मोकळा गळा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यातला छोटासा भाग काढला तरी गायन पार्टीला या बैठकीचं वेगळं मानधन देता येईल. आणि ते दिलंच पाहिजे. फुकट गाऊन घेऊन परंपरा जपण्याचा आव आणणारे आयोजक मी पुष्कळ पाहिले, त्यांना गायकाचं परतीचं भाडंही जड जातं.

डीजेबद्दल आणखी एक वाक्य, मग तो विषय सोडतो. डीजेचा आवाज मोठा आहे ही माझी मुख्य तक्रार नाही. डीजेला चिठ्ठी पाठवून काहीही मागता येईल, पण त्याच्याकडे नसलेलं गाणं त्याला आठवणार नाही.

राहिला प्रश्न आठवणींचा. वामनदादांबद्दल बोलणारी माणसं अजून गावोगावी आहेत, साठीच्या, सत्तरीच्या पुढची. त्यांना बोलतं करायला हौशी पोरं जातात, मोबाइल समोर धरतात आणि घेऊन काय येतात? दादा किती साधे होते. पिठलं-भाकरी खायचे. अंगावर काटा आला. डोळ्यांत पाणी आलं. हे सगळं खरं आहे आणि अभ्यासाला बिनकामाचं आहे. भारावलेपणातून गाणं परत मिळत नाही. विचारायचं ते असं: कार्यक्रम कुणाच्या अंगणात झाला, निमित्त कशाचं, ढोलकीवर कोण होतं, गाणं कोणत्या चालीवर म्हटलं, पुस्तकात नसलेला अंतरा त्या रात्री म्हटला का, कुणी मागितलं म्हणून म्हटला, एखादा शब्द बदलून म्हटला का. म्हाताऱ्या बाईला 'दादांबद्दल सांगा' म्हटलं की ती पदर सावरून भाषण करते. 'त्या रात्री तुम्ही कोणतं गाणं मागितलं होतं?' असं विचारलं की ती गायला लागते. फर्माईश ही आठवणीची सर्वांत पक्की खूण आहे, कारण मागताना माणसाने गाण्यावर स्वतःची निवड नोंदवलेली असते.

हे काम हौशी पोरांवर सोडून चालणार नाही. बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड राज्य सरकारने १९७९पासून काढले. अण्णा भाऊ साठ्यांसाठीही शासनाची चरित्र साधने प्रकाशन समिती आहे. तिथेही कागदावरचं साहित्य आधी जमवलं जातं, आवाज मागे राहतो. लोककवीच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, मुंबई या चारही पट्ट्यांत विद्यापीठं आहेत, मराठीचे विभाग आहेत, दरवर्षी प्रकल्पाला विषय शोधणारे विद्यार्थी आहेत. एकेका तालुक्यातल्या गायकांच्या वह्या स्कॅन करणं आणि जुन्या श्रोत्यांच्या फर्माईशी ध्वनिमुद्रित करणं यासाठी पैसा लागतो तो थोडा. घाई मात्र फार लागते. प्रल्हाद शिंदे वामनदादांच्याच वर्षी, २००४ला गेले. कवी आणि त्या काळचा सर्वांत ताकदीचा गळा पाठोपाठ. त्या दोघांना मंचासमोर बसून ऐकलेले लोकही आता झपाट्याने कमी होत आहेत.

काही जण म्हणतील की हे आंबेडकरी समाजाचं अंतर्गत काम आहे, त्यात बाकीच्यांनी कशाला पडायचं. मला हे अजिबात मान्य नाही. तुकोबांच्या गाथेचा खर्च वारकऱ्यांच्या वर्गणीतून काढा असं १८६९ला सरकार म्हणालं नव्हतं. मराठीच्या अभिजात दर्जाचे सोहळे करणाऱ्यांना आपल्या भाषेतला एवढा मोठा गीतकार फक्त एप्रिलमध्ये आणि फक्त एका वस्तीत आठवत असेल, तर तो जातीने आखलेला नकाशा आहे, साहित्याचा नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणपतीच्या मंडपात, कॉलेजच्या कट्ट्यावर त्यांचं भाकरीचं गाणं कुणी मागितल्याचं मी ऐकलं नाही. मागायला कुणाची परवानगी लागत नाही.

येत्या जयंतीच्या समितीच्या बैठका फेब्रुवारीत सुरू होतील. वर्गणीचा आकडा, डीजे की बँड, पाहुणा कोण, यावर भांडणं होतील. त्या अजेंड्यात दोन ओळी वाढवायला हरकत नसावी. पहिली, निवेदकाने बक्षीस देणाऱ्याच्या नावाआधी कवीचं नाव वाचायचं. दुसरी, ज्या चिठ्ठीत नेहमीच्या यादीबाहेरचं गाणं असेल आणि ते शेवटच्या अंतऱ्यासकट मागितलेलं असेल, ती चिठ्ठी नोट नसली तरी आधी घ्यायची. गायकाला ते गाणं आठवलं नाही तर त्याने तसं मोकळेपणाने सांगावं आणि समोर कुणाला येतं का ते विचारावं. येत असेल तर माइक त्या माणसाच्या हातात द्यावा, आणि मंडळाच्या एका पोराने ते शब्द तिथल्या तिथे वहीत उतरवून घ्यावेत, गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव घालून.